जाहिरात नसलेली जागा

सावंतवाडीच्या दिवाणी न्यायालयात चालू असलेल्या वाटपाच्या दाव्याची पुढची तारीख आज कुणालाही मोबाईलवर पाहता येते. सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक टाकला की दावा कधी दाखल झाला, कुणापुढे आहे, मागच्या तारखेला काय झाले, हे लगेच समोर येते. २००७ मध्ये सुरू झालेल्या ई-कोर्ट प्रकल्पाचे हे यश आहे. त्याच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. पण त्याच न्यायालयाच्या आवारात कोणत्या वकिलाला ज्युनियर हवा आहे, काम कोणते, मानधन किती, हे मोबाईलवर कळत नाही. ते बार रूममध्ये कळते, आणि तेही ज्याचे तिथे आधीपासून कुणीतरी आहे त्याला. कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना हल्ली सर्रास सांगितले जाते की ऑनलाइन शोधा, नोकऱ्या भरपूर आहेत. हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. ऑनलाइन दिसतो तो कायद्याच्या क्षेत्राचा एक भाग. ज्या ठिकाणी वकील घडतो ते ठिकाण त्यात जवळपास नसतेच. याचा दोष मी संकेतस्थळांना देत नाही. वकिली व्यवसाय स्वतःच्या प्रवेशाबद्दल काहीच जाहीरपणे सांगत नाही, हे खरे दुखणे आहे, आणि ते दूर करण्याची जबाबदारी बार कौन्सिलची आणि वकील संघांची आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी ऑनलाइन काय मिळते ते नीट पाहू. नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे, लिंक्डइन भारतात घरोघरी पोचले आहे, आणि लॉक्टोपससारखी खास कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठीची संकेतस्थळे इंटर्नशिपपासून संशोधन सहायकापर्यंतच्या जागा रोज छापतात. या सगळ्यांवर ‘लीगल’ असा शब्द टाकून शोध घेतला की समोर येतात त्या बहुतांश कंपन्यांच्या जागा: कराराचे मसुदे तपासणारा, बँकेच्या वसुली विभागातला, विमा कंपनीच्या दाव्यांकडे पाहणारा, बांधकाम कंपनीच्या जमिनींचे टायटल तपासणारा, परदेशी लॉ फर्मसाठी इथे बसून कागदपत्रे चाळणारा. असे का होते याचे कारण अगदी व्यवहारी आहे. पोर्टल चालते ते भरती करणाऱ्याच्या पैशावर. जाहिरातीचे पॅकेज, उमेदवारांच्या बायोडेटाचा साठा पाहण्याची फी, ही किंमत ज्याला दरमहा माणसे लागतात त्यालाच परवडते. बार्शीच्या किंवा चिपळूणच्या वकिलाला दोन-तीन वर्षांत एखादा ज्युनियर लागतो. तो हे पॅकेज घेणार नाही, आणि त्याने ते घ्यावे अशी अपेक्षा धरणेही चूक. म्हणजे पोर्टलवर काय दिसणार हे जागा किती महत्त्वाची आहे यावर ठरत नाही. भरती करणारा किती मोठा आणि किती वारंवार भरती करणारा आहे यावर ठरते. एवढे लक्षात घेतले की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

उदाहरणार्थ, पोर्टलवर शोधायच्या चौकटी कोणत्या असतात? शहर, पगार, अनुभवाची वर्षे, कंपनीचे नाव. महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत चालणाऱ्या वकिलाच्या ऑफिसला हव्या असतात त्या गोष्टी वेगळ्याच. निशाणी ५ चा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज मराठीत लिहिता येतो का, त्यावर आलेले म्हणणे वाचून कैफियतीत काय घ्यायचे ते कळते का, सातबारा आणि फेरफाराची साखळी लावता येते का, पुरशिस कधी द्यायची आणि नकलेचा अर्ज कुठे करायचा हे ठाऊक आहे का. राज्यातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ ची आहे, आणि त्या न्यायालयांत उत्तम मराठी मसुदा लिहिणारा ज्युनियर ही मोलाची गोष्ट आहे. ही कौशल्ये असलेल्या लातूरच्या मुलीला पोर्टलवर ती सांगायला जागा नसते, आणि ती हवी असलेल्या वकिलाला ती शोधायला चौकट नसते. दोघेही एकाच शहरात असू शकतात आणि एकमेकांना कधी सापडत नाहीत.

याहून मोठी अडचण अनुभवाची. ‘पदवीनंतर दोन ते चार वर्षांचा अनुभव’ ही अट कायद्याच्या जाहिरातींमध्ये इतकी रुळली आहे की तिचे कुणाला काही वाटत नाही. मोठ्या लॉ फर्म नवखे उमेदवार घेतात ते बहुतेक राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या आणि मोजक्या जुन्या महाविद्यालयांच्या आवारात जाऊन. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यालयापासून ही पद्धत रुजली, आणि महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर इथे तशी तीन विद्यापीठे आहेत. राज्यातले बहुसंख्य विद्यार्थी मात्र सीईटी देऊन साध्या विधि महाविद्यालयांत जातात, आणि नांदेडला किंवा रत्नागिरीला लॉ फर्म मुलाखती घ्यायला येत नाहीत. म्हणजे नवख्यांच्या चांगल्या जागा आवारातच भरल्या जातात, उघड्या जागांना अनुभव लागतो, आणि हा अनुभव जिथे मिळतो त्या चेंबरमधल्या जागेची जाहिरात कुठेच नसते. तीन पायऱ्यांपैकी पहिली पायरीच अंधारात आहे. पोर्टलवर महिनोन्‌महिने अर्ज टाकणारा नवा पदवीधर स्वतःला अपुरा समजू लागतो, तेव्हा त्याला हे कुणीतरी सांगायला हवे की तो चुकीच्या पायरीवर दार वाजवत आहे.

त्यात एक गोष्ट जाहिरातीत सहसा लिहिलेली नसते, ती सनदेची. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. नोकरी धरली की सनद स्थगित करावी लागते. लॉ फर्म बहुधा ‘रिटेनर’ म्हणून घेतात, तिथे सनद चालू राहते. कंपनीच्या लीगल खात्यात ती राहत नाही. हा फरक पूर्वी फारसा टोचत नव्हता. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, आणि तेव्हापासून तो फार मोठा झाला आहे. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले काम या तीन वर्षांत धरले जाते. कंपनीच्या लीगल खात्यात पगारी नोकरीत काढलेली वर्षे मात्र वकिली ठरत नाहीत. या पदासाठीची एमपीएससीची परीक्षा द्यायचे स्वप्न बाळगणाऱ्या मुलाने तेविसाव्या वर्षी पोर्टलवरची पहिली बरी नोकरी धरली, तर त्याने नकळत एक वाट लांबवलेली असते. नोकरी घेणे चूक नाही, घरची गरज असेल तर ती घ्यावीच लागते. पण निवड करताना ही किंमत माहीत असणे हा त्याचा हक्क आहे, आणि पोर्टलवरची जाहिरात ती सांगायला बांधील नाही.

सरकारी आणि न्यायालयीन जागांचे काय? त्या तर कायद्यानेच जाहीर होतात. आयबीपीएसच्या परीक्षेतून बँकांचे विधि अधिकारी नेमले जातात, सहायक सरकारी अभियोक्त्यांची भरती एमपीएससी करते, सर्वोच्च न्यायालय लॉ क्लार्कच्या जागा दरवर्षी स्वतःच्या संकेतस्थळावर देते आणि २०२५ मध्ये त्यांचे मानधन दरमहा ८०,००० रुपये होते. या जागा शोधणे तुलनेने सोपे. पण एक पायरी खाली उतरा. राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये विधि सहाय्य बचाव पक्ष यंत्रणेची योजना आणली. ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीसाठी जिल्ह्यात पूर्णवेळ वकिलांचे कार्यालय असावे, ही तिची कल्पना. त्यात मुख्य बचाव वकिलाला दहा वर्षांचा आणि उपमुख्याला सात वर्षांचा फौजदारी अनुभव लागतो, पण सहायक बचाव वकिलाची जागा शून्य ते तीन वर्षे वकिली झालेल्यांसाठी आहे. ठरलेले मानधन, रोजचे फौजदारी काम, ज्येष्ठांची देखरेख. नवख्या फौजदारी वकिलासाठी याहून चांगली सुरुवात माझ्या माहितीत नाही.

आता या जागेची जाहिरात कशी निघते ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक जिल्हा विधि सेवा प्राधिकरण आपापली जाहिरात काढते. ती जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर भरतीच्या किंवा सूचनांच्या पानावर, निविदा आणि निवड याद्यांच्या गर्दीत लागते. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवलेला असतो, त्यामुळे तो शोधयंत्राच्या दृष्टीने मजकूर नसतो, नुसते चित्र असते. ‘सहायक बचाव वकील, धाराशिव’ असे टाकून शोधले तरी तो कागद सापडेलच असे नाही. मुदत थोडी असते, अर्ज कित्येकदा समक्ष किंवा पोस्टाने मागवलेला असतो. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. ज्याला ही जागा हवी त्याने दर आठवड्याला इतकी सगळी पाने स्वतः उघडून पाहायची, किंवा त्या न्यायालयात उठबस असलेल्या कुणाकडून तरी ऐकायचे. म्हणजे जाहिरात असूनही माहिती पुन्हा बार रूममध्येच राहते. ही अडचण दूर करायला नवा कायदा लागत नाही. जाहिरात स्कॅन न करता टाइप करून टाकणे आणि राज्य विधि सेवा प्राधिकरणाने सगळ्या जिल्ह्यांच्या जागा एका पानावर ठेवणे, एवढे पुरे. जी न्यायव्यवस्था खटल्याच्या प्रत्येक तारखेची नोंद देशभर एका ठिकाणी आणू शकली, तिला हे जड नाही.

चेंबरकडे परत येऊ, कारण मूळ प्रश्न तिथे आहे. ज्युनियरची जागा जाहीर का होत नाही? कारण व्यवसाय तिला जागा मानतच नाही. ज्युनियर हा नोकर नाही, तो शिकायला आला आहे, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिच्यात आदराचा भागही आहे, आणि अनेक ज्येष्ठांनी पदरमोड करून ज्युनियर घडवले आहेत हेही खरे. पण नाते नोकरीचे नाही असे ठरले की त्याबरोबर इतर बरेच काही निसटते. नेमणुकीचे पत्र नाही, मानधन ठरलेले नाही, सोडताना अनुभवाचा दाखला मागायचा तर आवाज खाली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-कर्मचारी असे नाते नसल्यामुळे, वकिलांविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ चा कामाच्या ठिकाणचा प्रतिबंध कायदा बार कौन्सिलला लागू होत नाही; त्यासाठी वकील कायद्यातली गैरवर्तनाची तक्रार हा मार्ग आहे. निकाल कायद्याच्या चौकटीत दिलेला आहे. तरी एका मुलीच्या बाजूने पाहिले तर अर्थ सरळ आहे: जिथे ती कामाला जाणार त्या ऑफिसबद्दल आधी काही जाणून घेण्याची सोय नाही, आणि नंतर दाद मागण्याच्या वाटाही थोड्या. अशा वेळी ओळखीतून जाणे हे तिला सुरक्षित वाटते, यात तिची चूक नाही. पण ज्या घरात कुणी वकील नाही त्या घरातल्या मुलीने ओळख आणायची कुठून? २०२१ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश रमणा यांनी देशातल्या सुमारे १७ लाख वकिलांमध्ये स्त्रिया अवघ्या १५ टक्के असल्याचे सांगितले होते. या आकड्यामागे अनेक कारणे आहेत. दाराशी पोचण्याची ही पद्धत त्यांतले एक आहे, अशी माझी खात्री आहे.

ओळखीवर चालणारा व्यवसाय कुणाला बाहेर ठेवतो हे मुंबईने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. कोलंबियाची आणि लंडनची पदवी, ग्रेज इनची बॅरिस्टरी, आणि तरी सनदेच्या पैशासाठी त्यांना मित्र नवल भथेना यांच्याकडे शब्द टाकावा लागला. सॉलिसिटरांकडून कामे येत नव्हती, कारण कामे देणाऱ्यांच्या वर्तुळात त्यांना स्थान नव्हते. आज कायदा बदलला आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीसाठी वकील कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांहून अधिक, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांहून अधिक शुल्क घेता येणार नाही असे ठणकावले. त्याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. त्या निकालात न्यायालयाने व्यवसायात शिरताना दुर्बळांना बसणाऱ्या आर्थिक भाराचा विचार केला. सनदेचे दार त्यामुळे रुंद झाले. सनद हातात आल्यानंतर कुणाच्या ऑफिसला बसायचे हे दुसरे दार मात्र होते तसेच आहे.

चेंबरमधल्या जागा जाहीर व्हाव्यात, या म्हणण्यावर पहिला आक्षेप नियमाचाच घेतला जातो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाने जाहिरात करायची नाही. मग ज्युनियर हवा अशी जाहिरात तो कशी देणार? नियमाचा हेतू पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. नियम ३६ पक्षकार ओढण्यासाठी केलेल्या जाहिरातीविरुद्ध आहे. २००८ च्या दुरुस्तीने वकिलाला स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, पात्रता आणि कामाचे क्षेत्र देता येते. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा विकायला मांडणाऱ्या ऑनलाइन मंचांविरुद्ध कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितले, तोही विषय पक्षकार मिळवण्याचा होता. ज्युनियर घेण्याची सूचना पक्षकाराला उद्देशून नसते. तरीही एखादा वकील ‘अमुक खटला जिंकणाऱ्या नामवंत चेंबरमध्ये संधी’ अशा आडून स्वतःचीच जाहिरात करेल ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच ही सूचना ज्याच्या त्याच्या पानावर न ठेवता बार कौन्सिलच्या किंवा वकील संघाच्या एका ठरीव नमुन्यात असावी: नाव, न्यायालय, कामाचा प्रकार, कामाची भाषा, वेळ, मानधन. विशेषणांना त्यात जागाच नको.

दुसरा आक्षेप विश्वासाचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. वकिलाच्या टेबलावर लोकांच्या घटस्फोटांचे, गुन्ह्यांचे, भावाभावांतल्या भांडणांचे कागद असतात. अनोळखी माणूस त्या टेबलाशी बसवायचा कसा? ओळखीतून आलेल्या मुलामागे कुणाचा तरी शब्द असतो. हे सगळे मान्य. पण जागा जाहीर करणे म्हणजे अनोळखी माणूस घेणे नव्हे. जाहीर सूचनेने कोण अर्ज करू शकतो एवढेच बदलते. कोणाला घ्यायचे हा वकिलाचा अधिकार पूर्णपणे त्याचाच राहतो. आपल्याकडे याचे जुने उदाहरण आहे. १९५९ च्या रोजगार विनिमय केंद्रांच्या कायद्याने सरकारी आस्थापनांना आणि २५ किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणे बंधनकारक केले; केंद्राने पाठवलेल्यांतूनच नेमा, अशी सक्ती मात्र त्या कायद्यात नव्हती. कळवा, मग हवा त्याला घ्या. त्या केंद्रांनी पुढे किती कामे दिली यावर टीका करता येईल, पण तत्त्व स्वच्छ होते, आणि वकिलीला ते जसेच्या तसे लागू पडते. शिवाय शब्द देणारा माणूस नेहमी चारित्र्याचाच शब्द देतो असे नाही; पुष्कळदा तो नात्याचा शब्द असतो.

तिसरे म्हणणे पैशाचे. तालुक्याच्या वकिलाची स्वतःची कमाई अनिश्चित, तो मानधन जाहीर कसे करणार? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, नेमणुकीचे पत्र द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, बंधन नाही, आणि छोट्या गावातल्या अनेक चांगल्या वकिलांना ती झेपणार नाही हे मी नाकारत नाही. म्हणूनच माझी मागणी किमान रकमेची नसून आधी सांगण्याची आहे. ५,००० देणार असाल तर ५,००० लिहा, पहिले सहा महिने काही देणार नसाल तर तेही लिहा. आज मुलगा चार महिने सरांच्या मागे बॅग घेऊन फिरतो, तारखा घेतो, रोजनामा पाहतो, आणि चार महिन्यांनी त्याला कळते की पैशाचा विषय इथे निघत नाही. ज्याच्या घरी शेतीवर किंवा एका पगारावर चालते, तो मुलगा हे चार महिने परत मिळवू शकत नाही. रक्कम लहान असण्याने जितके नुकसान होते त्याहून अधिक ती लपलेली असण्याने होते.

या व्यवसायाचे बरेचसे रीतिरिवाज आपण इंग्लंडकडून घेतले, म्हणून तिथे काय झाले ते पाहणे योग्य ठरेल. तिथेही बॅरिस्टरांच्या चेंबरमध्ये शिकाऊ उमेदवारी ओळखीवर, आणि बराच काळ बिनपगारी चालायची. २००३ पासून तिथे शिकाऊ बॅरिस्टरला किमान रक्कम देणे सक्तीचे झाले, आणि आता या जागा ‘प्युपिलेज गेटवे’ या एकाच संकेतस्थळावर जाहीर कराव्या लागतात. ते संकेतस्थळ तिथली बार कौन्सिल चालवते, खासगी कंपनी नव्हे. कुठल्या चेंबरमध्ये किती जागा, किती रक्कम, अर्जाची मुदत काय, हे लंडनबाहेरच्या साध्या घरातल्या मुलीलाही त्याच दिवशी कळते ज्या दिवशी एखाद्या न्यायाधीशाच्या मुलीला कळते. याने तिथे स्वर्ग अवतरलेला नाही. जागा थोड्या आणि अर्ज भरमसाट, त्यामुळे स्पर्धा जीवघेणी आहे, आणि मोठ्या विद्यापीठांतून आलेल्यांची सरशी अजून चालूच आहे. पण हरणाऱ्याला निदान कळते की शर्यत कुठे होती. आपल्या नियमांचा मूळ स्रोत जिथे आहे तिथे हे घडले, त्यामुळे जाहीर जागेने व्यवसायाची प्रतिष्ठा जाते असे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळते.

मग हे काम खासगी पोर्टलांनीच का करू नये, असे कुणी विचारेल. ती करतीलही, काही आज करतात. पण त्यांच्या पद्धतीत काही धोके आधीच दिसत आहेत. बिनपगारी इंटर्नशिपच्या ढिगाऱ्यात खरी संधी हरवते. प्रमाणपत्रासाठी उमेदवाराकडूनच पैसे घेणारे ‘प्रशिक्षण’ नोकरीच्या नावाने विकले जाते. न्यायालयांच्या भरतीच्या नावावर फी मागणाऱ्या भामट्यांना तर हे मोकळे रानच. नवख्यांनी एक गोष्ट पक्की धरावी: नेमणुकीसाठी, मुलाखतीसाठी किंवा ‘कागदपत्र पडताळणी’साठी खासगी ऑफिस पैसे मागत असेल तर तिथून उठावे, सरकारी परीक्षेचे शुल्क भरायचे ते फक्त त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून भरावे, आणि फसगत झाली तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. बार कौन्सिलकडे प्रत्येक वकिलाचा नोंदणी क्रमांक आहे. त्यामुळे सूचना देणारा खरा वकील आहे की नाही हे तिला क्षणात तपासता येते. कोणत्याही पोर्टलला हे इतक्या सहज जमणार नाही. एका जागेला पाचशे अर्ज येतील ही तक्रारही मी ऐकून घेतो. पण अर्ज जिल्ह्यापुरते घेणे, एका उमेदवाराने एका वेळी ठरावीक जागांनाच अर्ज करणे, अशा मर्यादा घालणे कठीण नाही. पाचशे अर्ज येतात याचा अर्थ पाचशे जणांना ही जागा हवी होती आणि आजवर त्यांना ती असल्याचे माहीत नव्हते.

यंत्रणा नव्याने उभी करावी लागेल असेही नाही, कारण नोंद ठेवण्याची सक्ती मागच्या दाराने आलेलीच आहे. न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठीच्या तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला आता संबंधित न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशांनी द्यायचा, किंवा किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाने द्यायचा आणि त्यावर प्रमुख न्यायाधीशांची सही घ्यायची. म्हणजे येत्या काही वर्षांत राज्यातल्या हजारो ज्युनियरांना आपण कुणाकडे, कधीपासून, काय काम केले हे कागदावर दाखवावे लागणार आहे. आज ही माहिती तीन वर्षे उलटल्यावर, आठवणीवर आणि ज्येष्ठांच्या मर्जीवर तयार होईल. ती सुरुवातीलाच का तयार होऊ नये? ज्युनियर रुजू होतो त्या दिवशी वकील संघाकडे एक ओळ नोंदवायची, आणि रुजू होण्याआधी पंधरा दिवस ती जागा त्याच ठिकाणी मोकळी दाखवायची. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने एखाद-दोन जिल्ह्यांत हे करून पाहावे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे काम सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतली प्रकरणे तिथे चालतात, तेव्हा तिथे नवी ऑफिसे उघडणार, मुंबईतल्या वकिलांना तिथे तारखा सांभाळणारी माणसे लागणार, आणि या जागा येत्या दोन-चार वर्षांतच भरल्या जातील. प्रयोग करायचा तर तो तिथेच, आत्ता, त्या जागा कुजबुजीत वाटल्या जाण्याआधी.